‘जरा जास्त जातं’ म्हणजे नेमकं किती?

डॉक्टर विचारतात, “पाळीत रक्तस्राव जास्त होतो का?” आणि आपण म्हणतो, “हो, जरा जास्तच जातं.” संपलं. कागदावर एक ओळ लिहिली जाते आणि पुढचा प्रश्न येतो.

त्या ‘जरा’मध्ये काय काय असतं ते मला माहीत आहे. रात्री दोनचा गजर. गादीवर चौघडी करून अंथरलेला टॉवेल, आणि कूस बदलताना तो सरकू नये म्हणून झोपेतही ताठ ठेवलेलं अंग. एकावर एक लावलेली दोन पॅड. खुर्चीतून उठताना आधी हळूच मागे वळून बघायचं, मग उभं राहायचं. उभं राहिल्याबरोबर आतून काहीतरी घसरल्यासारखं वाटतं आणि क्षणभर पाय जागच्या जागी थांबतात. माझी सहा वर्षं अशी गेली. सहाही वर्षं मी डॉक्टरांना ‘जरा’च सांगत होते, कारण मला तेच खरं वाटत होतं. सगळ्यांनाच होतं, आपल्याला जरा जास्त होतं, एवढंच.

म्हणून आधी आकड्यांचं बोलू या.

एका पाळीत साधारणपणे ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. पॅडवर दिसतं ते याहून जास्त असतं, कारण त्यात गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे आणि इतर स्रावही मिसळलेले असतात. संशोधक अनेक वर्षं ८० मिलिलिटरची रेघ धरत आले आहेत. त्याच्या वर गेलं की अतिरक्तस्राव. पण घरी कोण मिलिलिटर मोजणार? म्हणून आता डॉक्टर दुसरा निकष लावतात. रक्त जाण्यामुळे तुमचं काम, झोप, बाहेर पडणं, मन, शरीर यांवर परिणाम होत असेल, तर तो अतिरक्तस्राव आणि त्यावर उपचार व्हायला हवेत. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००७ सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हीच व्याख्या घेतली. मला ती फार महत्त्वाची वाटते, कारण किती गेलं हे सिद्ध करायचा भार तिने बाईच्या डोक्यावरून उतरवला.

तरीही काही खुणा ठाऊक असलेल्या बऱ्या. सलग काही तास दर तासाला पॅड पूर्ण भिजतंय. रात्री पॅड बदलायला उठावंच लागतंय. पाळी आठ दिवसांच्या पुढे रेंगाळतेय. अडीच सेंटिमीटरहून मोठ्या गुठळ्या पडताहेत. कपडे किंवा अंथरूण वरचेवर खराब होतंय. यातलं एक जरी दर महिन्याला होत असेल तरी डॉक्टरांकडे जायला तेवढं कारण पुरेसं आहे.

रक्त थांबतं कसं, हे कळलं की बाकीचं कळतं

पाळी सुरू का होते हे शाळेत शिकवतात. ती थांबते कशी, हे कोणी सांगत नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

अंडं बाहेर पडलं की अंडाशयातून प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन स्रवतं आणि गर्भाशयाचं अस्तर स्थिर राहतं. गर्भ राहिला नाही तर प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं, अस्तराला रक्त पुरवणाऱ्या नागमोडी रक्तवाहिन्या आवळतात, अस्तर सुटतं आणि रक्त वाहू लागतं. आता थांबवायचं काम सुरू होतं. गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावून वाहिन्यांची तोंडं दाबतात. उघड्या तोंडांवर रक्ताच्या गुठळीचं बूच बसतं. आणि खालून नवं अस्तर भरून येऊन जखम झाकली जाते. दाबणं, बूच बसणं, भरून येणं. या तिन्हींपैकी एखादं बिघडलं किंवा जखमच नेहमीपेक्षा मोठी झाली, की अंगावरून जाणं आटोक्यात राहत नाही.

फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूतल्या गाठी, पहिल्या कामात अडथळा आणतात. गाठीमुळे पोकळी मोठी होते, अस्तराचं क्षेत्रफळ वाढतं आणि स्नायूला नीट आवळता येत नाही. ‘गाठ’ शब्द ऐकून पोटात गोळा येतो, पण या गाठी अतिशय सर्रास आढळतात आणि कॅन्सरच्या क्वचितच असतात. इथे आकारापेक्षा जागा महत्त्वाची. बाहेरच्या बाजूला वाढलेली मोठी गाठ कधी कधी काहीच त्रास देत नाही आणि पोकळीत डोकावणारी सुपारीएवढी गाठ पाळी असह्य करते. अॅडिनोमायोसिसमध्ये अस्तराच्या पेशी स्नायूच्या भिंतीतच शिरतात. गर्भाशय सुजल्यासारखं जड होतं आणि रक्तस्रावासोबत कळाही जीवघेण्या येतात. अस्तरावर वाढणारे पॉलिप, म्हणजे मऊ कोंब, हे आणखी एक कारण.

अंडं वेळेवर बाहेर पडत नसेल तर प्रोजेस्टेरॉनच तयार होत नाही. इस्ट्रोजेन या दुसऱ्या हार्मोनच्या जोरावर अस्तर नुसतं वाढत राहतं आणि मग कधीतरी, दोन-तीन महिन्यांनी, वेडंवाकडं ढासळतं. पाळी सुरू झाल्यावरची पहिली एक-दोन वर्षं, पाळी जायच्या आधीची काही वर्षं आणि पीसीओएस हा हार्मोनच्या असंतुलनाचा विकार, या तिन्हींत असं घडतं. थायरॉइड कमी काम करत असेल तरी पाळीचं गणित बिघडतं. तांबी बसवल्यावर रक्तस्राव वाढू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनीही वाढतो, आणि हे गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवं, पण गोळी स्वतःहून बंद करायची नाही. पंचेचाळिशीनंतर, किंवा वजन खूप असेल आणि पाळी वर्षानुवर्षं अनियमित असेल तर त्याआधीही, अस्तराची जास्तीची वाढ आणि कॅन्सर हे नाहीत ना, एवढं पाहून घेतात.

आणि काही जणींत सगळे तपास करूनही काही सापडत नाही. त्रास मात्र खराच असतो, आणि त्यालाही औषध आहे.

बूच न बसण्याचं कारण मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. १९२४ साली हेलसिंकीतल्या एरिक फॉन विलेब्रँड या डॉक्टरांकडे फिनलंडच्या ऑलंड बेटांवरची पाच वर्षांची एक मुलगी आली. तिला आणि तिच्या घरातल्या अनेकांना रक्त न थांबण्याचा त्रास होता. त्यांनी १९२६ मध्ये त्या आजाराचं वर्णन छापलं. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो, आणि जन्मजात रक्तस्रावाच्या आजारांत तो सर्वाधिक आढळतो. ती मुलगी तेराव्या वर्षी गेली. चौथ्या पाळीत. रक्त थांबलंच नाही.

आज या आजारावर उपचार आहेत आणि त्याचे बहुतेक रुग्ण सौम्य स्वरूपाचे असतात, पण सौम्य असल्यामुळेच तो वर्षानुवर्षं ओळखला जात नाही. पहिल्याच पाळीपासून खूप जात असेल, घोळणा फुटला की लवकर थांबत नसेल, दात काढल्यावर किंवा बाळंतपणात फार रक्त गेलं असेल, साध्या धक्क्याने काळं-निळं पडत असेल, आई-मावशीलाही असाच त्रास असेल, तर रक्त गोठण्याच्या तपासण्या करून घ्या. “आमच्या घरात सगळ्यांनाच जास्त जातं” हे वाक्य आपण दिलासा म्हणून बोलतो. डॉक्टरांच्या कानावर ते धोक्याची सूचना म्हणून पडायला हवं. वयात आलेल्या मुलीच्या बाबतीत तर “सुरुवातीला असंच असतं” म्हणून गप्प बसू नये.

गुठळ्यांबद्दल दोन शब्द. पाळीचं रक्त पातळ राहावं म्हणून गर्भाशयात गुठळ्या विरघळवणारे पदार्थ तयार होतात. प्रवाह फार जोरात असला की त्यांना काम करायला वेळच मिळत नाही आणि रक्त गोठून बाहेर पडतं. म्हणून एखादी बारीक गुठळी काळजीची नसते. मोठ्या आणि वारंवार पडणाऱ्या गुठळ्या मात्र प्रवाहाचा वेग सांगतात.

लोह कुठे जातं

प्रत्येक मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. शरीर खाण्यातून दिवसाला साधारण एक ते दोन मिलिग्रॅम शोषून घेतं, आणि पाळी नसतानाही दिवसाला एखादा मिलिग्रॅम सहज खर्च होतो. ४० मिलिलिटर रक्त गेलं तर २० मिलिग्रॅम लोह जातं. ते कसंबसं भरून निघतं. १६० मिलिलिटर गेलं तर ८० मिलिग्रॅम. लोह कमी पडू लागलं की शरीर शोषण वाढवतं, पण एवढी तूट त्याला पेलवत नाही. मग साठ्यातलं लोह वापरलं जातं. बायकांमध्ये तो साठा बहुधा काहीशे मिलिग्रॅमचाच असतो. तो आटला की हिमोग्लोबिन खाली येऊ लागतं.

हा क्रम नीट लक्षात घ्या. आधी साठा संपतो, हिमोग्लोबिन नंतर घसरतं. म्हणजे हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही लोहाची कमतरता असू शकते. साठा किती उरलाय ते फेरिटिनच्या तपासणीत कळतं. माझं हिमोग्लोबिन ११.८ होतं आणि दर वेळी “थोडंसं कमी आहे, खाण्यापिण्याकडे लक्ष द्या” एवढंच ऐकू यायचं. पुढे एका डॉक्टरांनी फेरिटिन तपासलं. ते ६ निघालं. पंधराच्या खाली साठा संपला असं धरतात आणि बरेच डॉक्टर तिशीच्या खालीच उपचार सुरू करतात.

कमतरतेची लक्षणं आपण भलत्याच खात्यावर टाकतो. एक जिना चढून धाप लागते, तर वजन वाढलं म्हणतो. केस पुंजक्यांनी गळतात, तर पाण्याला दोष देतो. रात्री पायांत वळवळल्यासारखं होऊन झोप लागत नाही, छातीत धडधडतं, लक्ष लागत नाही, चिडचिड होते, तर ताण आहे म्हणतो. बर्फ चघळत राहावंसं वाटणं, माती किंवा खडू खावासा वाटणं ही तर लोह कमी असल्याची ठळक खूण. लाज वाटून ती लपवली जाते. मी फ्रीजमधले बर्फाचे खडे संपवायचे आणि कोणाला कळायच्या आत ट्रे पुन्हा भरून ठेवायचे.

लोहाच्या गोळ्या चहा-कॉफी, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका, शोषण कमी होतं. रोज घेऊन मळमळ किंवा बद्धकोष्ठ होत असेल तर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्या. एक गोळी घेतल्यावर शरीर काही काळ लोहाचं दार लोटून घेतं, त्यामुळे दिवसाआड घेतलेली गोळी जास्त चांगली शोषली जाते असं अभ्यासांत दिसलं आहे. शौचाला काळं होतं, घाबरू नका. हिमोग्लोबिन वर आलं की गोळ्या सोडून देतात, ही नेहमीची चूक. साठा भरायला त्यानंतरही तीनेक महिने लागतात. गोळ्या सोसवतच नसतील किंवा कमतरता फार असेल तर सलाइनमधून लोह देतात.

पण नुसतं लोह घेत राहणं म्हणजे नळ उघडा ठेवून बादली भरणं. गळती थांबवायलाच हवी.

डॉक्टरांकडे जाताना

‘जरा’ घरी ठेवा आणि कागद घेऊन जा. १९९० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी एक साधी पद्धत मांडली, ती आजही वापरतात. नुसता डाग पडलेल्या पॅडला १ गुण, निम्म्या भिजलेल्याला ५, पूर्ण भिजलेल्याला २०. लहान गुठळीला १, मोठीला ५. एकदम लोंढा येऊन कपड्यांवर गेलं तर ५. पाळीच्या सगळ्या दिवसांची बेरीज शंभराच्या वर गेली तर रक्तस्राव जास्त आहे असं समजतात. पॅड वेगवेगळ्या प्रकारची असतात, म्हणून हा अंदाजच. पाळीचा कप वापरत असाल तर आणखी सोपं, बऱ्याच कपांवर मिलिलिटरच्या खुणाच असतात.

माझ्या पहिल्या कागदावर दुसऱ्या दिवसाची नोंद अशी होती: पूर्ण ७, निम्मी २, मोठ्या गुठळ्या ३. एका दिवसाचे १६५. डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “हे किती वर्षं चाललंय?” सहा वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणी विचारला होता.

कागदावर तारखा लिहा, किती दिवस कामाला जाता आलं नाही ते लिहा, चालू असलेली सगळी औषधं लिहा, आणि पुढे मूल हवंय की नाही हेही आधीच सांगा, कारण निम्मे उपचार त्यावर ठरतात. साधारणपणे रक्ताची तपासणी आणि फेरिटिन, गर्भ राहण्याची शक्यता असेल तर ती चाचणी, गरजेप्रमाणे थायरॉइड आणि सोनोग्राफी होते. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अस्तर जास्त स्पष्ट दिसतं. ती नको असेल तर तसं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. गरज पडली तर दुर्बिणीतून आत पाहतात किंवा अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात.

औषधांत ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड बऱ्याच जणींना माहीत असतं. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोटो या डॉक्टर दांपत्याने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते शोधलं. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने होणारे मृत्यू थांबवायचे, ही उताकोंची तळमळ होती. हे औषध बसलेलं बूच विरघळू देत नाही. ते हार्मोन नाही, गर्भनिरोधकही नाही. फक्त जास्त जाणाऱ्या दिवसांपुरतं घ्यायचं असतं आणि रक्तस्राव जवळपास निम्म्यावर येऊ शकतो. आधी कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल तर मात्र ते देत नाहीत. मेफेनॅमिक अॅसिड किंवा आयबुप्रोफेन कळा आणि रक्त दोन्ही कमी करतात. रक्त न गोठण्याचा आजार असेल किंवा अल्सर, किडनीचा त्रास असेल तर ती टाळतात. अॅस्पिरिन मात्र या कामाला घेऊच नये, त्याने रक्त वाढतं.

हार्मोनच्या गोळ्यांनी अस्तर पातळ राहतं. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमकत असेल, पस्तिशीनंतर धूम्रपान चालू असेल, रक्तदाब जास्त असेल तर इस्ट्रोजेन असलेली गोळी चालत नाही, हे विचारलं नाही तरी आपणहून सांगा. सर्वांत परिणामकारक औषधोपचार म्हणजे लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन सोडणारं, गर्भाशयात बसवायचं टी-आकाराचं साधन. मिरेना या नावाने ते बऱ्याच जणींच्या कानावर असतं. तांबीने रक्त वाढतं, याने उलट खूप कमी होतं, काहींची पाळी जवळपास बंदच होते आणि त्यात काही अपाय नसतो. पहिले तीन ते सहा महिने मात्र मधेच डाग पडत राहतात. हे आधी कोणी सांगितलेलं नसतं म्हणून अनेक जणी ते लवकर काढून टाकतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

पोकळीतली गाठ किंवा पॉलिप दुर्बिणीतून, पोटावर टाका न घालता काढता येतो. माझी गाठ अशीच निघाली. मूल नको असेल तर अस्तर जाळून टाकण्याचा उपाय आहे. गाठींचा रक्तपुरवठा बंद करण्याचाही आहे.

आणि ‘पिशवी काढून टाका’. काहींसाठी तेच योग्य असतं आणि नंतर त्या सुटकेचा श्वास घेतात. पण पहिल्याच भेटीत, बाकी काही करून न पाहता हे सुचवलं गेलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. करायचंच ठरलं तर अंडाशयं ठेवणार की काढणार, आणि काढणार असतील तर का, हे स्पष्ट विचारा. दोन्ही अंडाशयं काढली की रजोनिवृत्ती एका दिवसात अंगावर येते.

थांबायचं नाही, असे प्रसंग

दर तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि दोन तास उलटून गेले तरी कमी होत नाही. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, भोवळ येते, छातीत दुखतं, बसल्या जागी धाप लागते. गर्भ राहिलाय किंवा तशी शंका आहे आणि रक्त जातंय. अशा वेळी भेटीची वेळ ठरवत बसू नका, थेट तातडीच्या विभागात जा, एकटीने गाडी चालवत जाऊ नका. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा डाग दिसला, तर तो थेंबभर असला तरी लवकरात लवकर दाखवा.

भेटीची तारीख येईपर्यंतचे दिवस काढायचे असतात, ते काढताना स्वतःला जपा. रात्रीसाठी लांब पॅड आणि पाळीची शोषक चड्डी एकत्र वापरा, गादीवर पाणी न झिरपणारं कव्हर घाला म्हणजे तो टॉवेल सुटेल. टॅम्पॉन आठ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. डाग गार पाण्यात भिजवा, गरम पाण्याने ते बसतात. सकाळी उठल्याबरोबर ताडकन उभं न राहता दोन मिनिटं बसा, रात्रभर साठलेलं एकदम येतं. पोट शेकल्याने कळा खरंच कमी होतात. आणि कामाच्या ठिकाणी एका तरी माणसाला सांगून ठेवा, म्हणजे बैठकीतून अचानक उठावं लागलं तर तुमची बाजू सांभाळायला कोणीतरी असेल.

उपचार सुरू झाले की तीन पाळ्यांनी तोच कागद पुन्हा भरा आणि जुन्या कागदाशेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा. बेरीज उतरली नसेल तर औषध बदलायला सांगा, पुढचा उपाय विचारा. माझी ४१० वरून ९२ वर आली होती. फेरिटिन तिशीपार जायला मात्र आणखी पाच महिने लागले.